शिंगराचा पुढचा ब्रेक

मुरुड, जि. लातूर
३ मार्च १९८६

प्रिय भीमा,

शिंगरू परत आलं. काल छावणीला कडबा घेऊन आलेल्या ट्रकवर टाकून दाजींनी ते लातूरहून पाठवून दिलं. ट्रकवाल्यानं आमच्या दारात ती मोडकी फटफटी खाली ओढली आणि पाणीसुद्धा न मागता निघून गेला. आता पाहुण्यांनीच पाणी मागायचं सोडलंय म्हणा. पुढचा चिमटा वाकलाय, पुढच्या चाकाचा पार पापड झालाय, टाकीला मोठा पोचा आहे. इंजिनाला मात्र काही झालेलं नाही. किक मारली तर तू जोडलेलं ते इंजिन निर्लज्जासारखं पहिल्या फटक्यात सुरू झालं. आप्पा ओट्यावरून म्हणाले, "जित्तं हाय की रं!"

म्हणून लिहितोय. चिमटा भट्टीत गरम करून सरळ केला तर चालेल का? गरम केल्यानं लोखंड मऊ पडतं, असं काहीतरी तू एकदा सांगितलं होतंस. पण तेव्हा मी नीट ऐकलं नव्हतं. तू शेजारी असताना मला काही ऐकून ठेवायची गरजच वाटायची नाही.

बाकी सगळं ठीक. मन्मथदाजींचा पाय अजून प्लॅस्टरमध्ये आहे. मांडीचं हाड आहे, वेळ लागणारच. आमची शिवगंगा दवाखाना, घर आणि नवऱ्याची चिडचिड यांत पार वाळून गेली. सख्ख्या बहिणीचे हाल बघवत नाहीत, म्हणून मी लातूरला जाणंच कमी केलंय. हे काही शहाणपणाचं नाही, पण केलंय खरं.

लोक काय, बोलतात. तू मनावर घेऊ नकोस. "भीमानं ब्रेक नीट बसवला न्हाई म्हून जावई पडला" हे आता पूर्वीइतकं ऐकू येत नाही. टँकर कधी येणार याच्यापुढं दुसरं काही बोलायला लोकांना सवड नाही. आणि एका परीनं तू नांदेडला गेलास ते बरंच झालं. मोठं वर्कशॉप, महिन्याच्या महिन्याला पगार. इथं स्टँडसमोर पत्रे ठोकून गॅरेज काढलं असतंस, तर असल्या दुष्काळात गाड्या घेऊन आलं तरी कोण असतं? ज्ञानोबानं ती जागा चाऱ्याच्या गंजीला देऊन टाकली. तुझ्यानंतर आठवडाभर तरी थांबेल असं वाटलं होतं, पण नाही थांबला.

तुझी माय बरी आहे. लांबून दिसते. मी हाक मारतो, तिला बहुतेक ऐकू येत नसावं.

चिमट्याचं तेवढं कळव. आणि पत्त्यावर जिल्हा लातूरच लिही. चार वर्षं होत आली तरी कुणी सवयीनं उस्मानाबाद लिहिलं की पत्र तिकडं फिरून येतं.

तुझा,
सिद्धराम


मुरुड
२१ मार्च १९८६

प्रिय भीमा,

तुझं कार्ड मिळालं. "चिमटा गरम करू नकोस. थंडाच दाबून सरळ कर. बेअरिंग नवी टाक. भीमा." बाकी सगळं कार्ड कोरं. नमस्कार नाही, कसा आहेस नाही, आप्पांची चौकशी नाही. एवढी कोरी जागा सोडायची तर कार्ड कशाला, तारच करायची होतीस.

पण सांगितलंस तसंच केलं. बैलगाडी नुसतीच उभी असते. तिच्या चाकाच्या आऱ्यांत चिमटा अडकवला आणि पहार घालून मी आणि आप्पांनी मिळून दाबला. आप्पा या वयातही असला जोर लावतात की मलाच लाज वाटली. चिमटा सरळ झाला. तूर्त भंगारातलं एक चाक घातलंय.

काम करता करता मी सगळं पहिल्यापासून आठवत होतो. तुला हे ठाऊकच आहे, पण मला एकदा ओळीनं लिहून बघायचंय, म्हणजे नक्की कुठं काय चुकलं ते मलाच दिसेल.

नांदेडच्या भंगारवाल्याकडं तुला ती गाडी दिसली तेव्हा तिच्या टाकीत चिमण्यांनी घरटं केलं होतं. एवढीशी फटफटी, माझ्या मांडीला लागेल एवढीच उंच. कोणा हौशी बापानं पोरांसाठी घेतलेली असावी. एसटीच्या टपावर टाकून मुरुडला आणली, तर स्टँडवर केवळाबाई ओरडली, "आगं बया, सिद्धरामानं शिंगरू आनलंय की!" झालं, तेच नाव पडलं. तू आयटीआयात शिकून आलेला आणि मी नुसता हौशी. तुझ्या घरामागच्या लिंबाखाली आपण ती बोल्ट न् बोल्ट उघडली. सिलिंडरचं बोअरिंग लातूरला करून आणलं. मागचे शॉकअप आखूड होते, त्यांना लोखंडी पट्ट्या जोडून तू गाडी चांगली वीतभर उचललीस. मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागू नयेत म्हणून पाइप वाकवून उंच हँडल केलं. हँडल उंच झाल्यानं पुढच्या ब्रेकची तार आखूड पडायला लागली, म्हणून तू लांब, नवीकोरी तार घातलीस. विहिरी आटल्या होत्या, रानात काही काम नव्हतं, बैल छावणीला पोसतानासुद्धा जड झाल्यावर आप्पांनी ते विकून टाकले होते. घरात सगळे मुके झाले होते. आणि आपण दोघं लिंबाखाली काळे हात घेऊन हसत असायचो. खरं सांगतो, एवढा मी कधी सुकाळातही हसलो नव्हतो.

मग दाजी आले. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत चिकटल्यापासून त्यांना पायी जाणं कमीपणाचं वाटायला लागलं होतं. शिंगरावर एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "सिद्धराम, हे मला पायजे." जावयाला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. मी हो म्हणून टाकलं आणि तुला नंतर सांगितलं. तू म्हणालास, "दे की, तुझीच हाय." ती निम्मी तुझी होती. मेहनत बघितली तर निम्म्याहून जास्त.

सोमवार बघून गाडी द्यायचं ठरलं. आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर तू दोन्ही ब्रेक लावून बघितलेस, मीही स्टँडपर्यंत जाऊन आलो. सोमवारी सकाळी हळदकुंकू झालं, हार घातला, नारळ फोडला, दाजी निघाले. पुढं पुलाच्या उतारावर टँकर उभा होता आणि भोवती घागरी घेऊन बायका. दाजींनी हातानं ब्रेक दाबला, पायानंही दाबला, तरी उतारावर गाडी थांबेना. बायकांत घुसायच्या ऐवजी त्यांनी गाडी सरळ खड्ड्यात घातली. दाजींबद्दल माझ्या मनात काहीही असो, एवढं मी त्यांच्या बाजूनं कायम बोलेन.

दवाखान्यात ते कण्हत म्हणाले, "ब्रेक लागलाच न्हाई." शिवगंगेनं वर बघितलं. "कुनी बसवले व्हते ब्रेक?"

मी म्हणालो, "भीमानं."

खोटं बोललो का मी? ब्रेक तूच बसवले होतेस. विचारलं त्याचं उत्तर दिलं. खोलीत आमचे पाहुणे उभे होते, त्यांनी तो एक शब्द उचलला आणि दुसऱ्या दिवशी मुरुडात तेवढाच शब्द उरला. काहींनी त्याला तुमच्या वस्तीचं नाव जोडून अजून चार शब्द वाढवले. ते मी इथं लिहीत नाही, तू ते ऐकलेस.

कार्बोरेटर गळतोय. तेवढं बघून सांग.

सिद्धराम


मुरुड
९ एप्रिल १९८६

प्रिय भीमा,

तू लिहिलंस तसा कार्बोरेटरचा जेट साफ केला, गळायचं थांबलं. आभार.

आज दुसरंच लिहायचंय. जरा निवांत बसून वाच.

परवा मी गोठ्यात गेलो होतो. आपल्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, हे तुला सांगायला नको. जनावर जातं, दावं घरात राहतं, म्हणजे गोठ्याची बरकत राहते. आप्पांनी दोन्ही बैलांची दावी खुंटीवर अडकवून ठेवलीत. तिथंच, त्यांच्या शेजारी, नीट गुंडाळून एक तार टांगलेली दिसली. लांब आणि नवीकोरी. हातात घेतल्याबरोबर ओळखली.

आप्पांना विचारलं. ते तंबाखू चोळत होते, चोळतच राहिले.

"मंग? घरातून जातंय म्हनल्यावर कायतरी ठिवाया पायजे का न्हाई?"

"आप्पा, ब्रेकची तार हाय ती!"

"येक ब्रेक पायात हाय की. दोन कशाला लागतेत? हे हातानं धरायचं हाय, म्हंजे दावंच झालं."

रविवारी, तू ब्रेक बघून गेल्यावर, त्यांनी पक्कड घेऊन ती तार आतून ओढून काढली. वरची नळी जागेवरच ठेवली, म्हणून बघणाऱ्याला काही कळलं नाही. भीमा, त्यांनी डावीकडची क्लचची तार काढली असती तर गाडी अंगणातून हललीच नसती. सगळे हसून हसून घरी गेले असते. त्यांनी उजवीकडची काढली.

दाजी पडले ते आणि ही तार, या दोन गोष्टींचा मेळ त्यांच्या डोक्यात अजून बसलेला नाही. त्यांच्या मते दाजींना गाडी चालवता येत नाही, बस. मीही तो मेळ घालून दिलेला नाही. बैल गेल्यापासून हा माणूस रोज सकाळी रिकाम्या गोठ्यात झाडू मारतो. त्याला कसं सांगू, की तुम्ही लेकीच्या नवऱ्याचा पाय मोडलात? आणि शिवगंगेला कळलं तर तिच्या सासरी तिला तोंड दाखवायला जागा राहील का? दाजींच्या घरचे तसले आहेत. तू त्यांना बघितलंयस.

तू समजून घेशील म्हणून लिहितोय. तू लांब आहेस, तुला तिथं कोणी काही विचारत नाही. इथलं जरा निवळू दे, मग मी सगळ्यांना सांगेन. चांगला पाऊस झाला की माणसं मऊ होतात.

तू काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझा,
सिद्धराम


मुरुड
२ मे १९८६

भीमा,

तुझं कार्ड आलं. "पुढच्या ब्रेकला नवी तार घाल. जुनी वापरू नकोस. भीमा."

मी ते कितीदा उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं होतं तू चिडशील. चिडला नाहीस तरी निदान चकित होशील. तू मला ब्रेकची तार कशी घालायची ते सांगितलंस. आमच्या घरात कोणी मला एवढ्या शांतपणे मारलेलं नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं, ते आधी खोडतो. तार मला परवा दिसली नव्हती. दाजींना दवाखान्यात पोचवून परत आलो त्याच दिवशी दिसली. घरात बायका रडत होत्या, म्हणून मी गोठ्यात जाऊन बसलो, आणि समोर खुंटी. तू तेव्हा गावातच होतास. त्यानंतर किती दिवस तू गावात होतास, स्टँडवर लोक तुला टाळत होते, ज्ञानोबा जागेचं उद्या बघू, परवा बघू करत होता, आणि मी सगळं ठाऊक असून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. तू मला दोनदा घरी बोलावलंस. मी अंग दुखतंय म्हणालो. आणि "भीमानं" म्हणालो ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं, असं जे मी लिहिलं, तेही सोडून दे.

कारण अजून एक आहे. सोमवारी सकाळी हार मीच घातला. घालताना माझा हात ब्रेकच्या दांड्याला लागला. दांडा लुळा होता, नुसता हालत होता. मी म्हणणार होतो, थांबा जरा. पण दाजींना घाई होती, आप्पा नारळ घेऊन उभे होते, भोवती माणसं होती, आणि मी मनात म्हणालो, काल भीमानं बघितलंय ना, मग बरोबरच असणार. तुझ्यावर एवढा विश्वास होता, आणि काही तासांनी दवाखान्यात मी तुझंच नाव घेतलं. म्हणजे पडण्याच्या आधीही मला थांबवता आलं असतं. आप्पांना त्यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं.

शिंगराला मी मागं दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटी जोडल्यात. त्यात तेलाचे डबे बसतात. तुमच्या वस्तीकडं टँकर जात नाही, रस्ता खराब आहे असं सांगतात. तोच रस्ता निवडणुकीच्या जीपला बरा चालला होता. मी वेशीपासून डबे भरून तुझ्या मायच्या दारात पोचवतो, मग शेजारच्या घरांना. पहिल्या दिवशी माय म्हणाली, "ठिव तितं." रोज तेवढंच म्हणायची. काल मात्र पदर खोचून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पानी आनतूस ते बरंच करतूस. पर सिद्धरामा, तुज्याकडं पानी मागितलं कुनी?"

मी डबे उतरवले आणि निघून आलो.

मागच्या आठवड्यात शिवगंगेला सांगायचंच असं ठरवून लातूरला गेलो होतो. वाटेत वाक्य जुळवत गेलो. दाजी काठी घेऊन अंगणात चालत होते. एक पाय आखूड झालाय, तो तसाच राहणार. शिवगंगेनं चहा ठेवला. मी नुसतं "भीमा" एवढंच म्हणालो, तर ती म्हणाली, "त्याचं नाव काढू नगंस या घरात." आणि भीमा, मला सुटल्यासारखं झालं. न बोलायला कारण मिळालं ना! चहा प्यालो, भाचीला गोळ्या दिल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

डब्यांच्या वजनानं मागचे शॉकअप बसतात. त्याबद्दल विचारणार नाही. माझं मी बघतो.

सिद्धराम


मुरुड
४ जून १९८६

भीमा,

बोललो.

काल सकाळी वेशीत टँकरची वाट बघत सगळे उभे होते. मी शिंगरू घेऊन गेलो तशी ज्ञानोबानं नेहमीची गंमत केली. "बायांनो, लांब सरका गं, भीमाच्या हातची गाडी आली. थांबली तर थांबली!" सगळे हसले. रोज हसतात. रोज मीही थोडा हसतो, वाईट दिसू नये म्हणून.

काल मी गाडी बंद केली आणि म्हणालो, "भीमाचा ब्रेक बरोबर व्हता. आप्पांनी तार काढली दावं म्हून. मला ठावं व्हतं. हार घालताना दांडा सैल लागला व्हता, तरीबी मी गाडी जाऊ दिली. अन् दवाखान्यात भीमाचं नाव मीच घेतलं."

सगळं म्हणालो. मला वाटलं आता काहीतरी होईल. कोणीतरी शिव्या घालेल, कोणी अंगावर येईल. केवळाबाईनं घागर या कडेवरून त्या कडेवर घेतली.

"मंग? आमाला ठावं हाय की. आप्पानंच सांगितलं व्हतं मागंच. शिंगराचं दावं ठिवलं म्हून लई खूश व्हता."

मी विचारलं, "समद्यांना ठावं व्हतं? मग भीमाचं नाव का घेत व्हता तुमी?"

मग ज्ञानोबा म्हणाला, आणि चिडून नाही, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "मंग काय तुज्या आप्पाचं घ्यावं का? वयस्कर मानूस. घरंदाज. अन् तूच तर म्हनला व्हतास दवाखान्यात. घरचाच मानूस म्हनतूय म्हनल्यावर आमी कशाला मधी पडावं?"

तेवढ्यात टँकर आला आणि सगळे घागरी घेऊन पळाले. मी महिनोन्महिने ज्याच्या ओझ्यानं झोपलो नाही ते गुपित नव्हतंच. साऱ्या गावाला तार आणि दाजींचं पडणं, दोन्ही ठाऊक होतं. आप्पांच्या जागी घ्यायला त्यांना एक नाव हवं होतं, ते मी पुरवलं.

तसाच शिंगरावर बसून लातूरला गेलो. शिवगंगा आधी माझ्यावर ओरडली, मग आप्पांवर, मग भिंतीला टेकून रडली. दाजी बराच वेळ काठीच्या टोकानं फरशी टोकरत होते. म्हणाले, "आता बोलून पाय लांब व्हनार हाय का?" थोड्या वेळानं म्हणाले, "त्यो भेटायला आला व्हता दवाखान्यात. संत्री घिऊन. मी संत्री खाली फेकली अन् हाकलून दिला. त्यानं येक-येक येचून खाटंखाली ठिवली अन् गेला." तू हे मला कधी सांगितलं नाहीस. सांगणार तरी कधी, मी अंग दुखतंय म्हणून झोपलो होतो.

आप्पांनाही नीट समजावून सांगितलं. आज त्यांनी गोठा झाडला नाही. सकाळपासून ओट्यावर बसून आहेत, जेवा म्हणालो तर मान हलवतात. याची मला भीती होती आणि ती खरी ठरली. पण ही भीती पुढं करून मी तुला सहा महिने बाहेर उभं केलं, हेही खरं आहे.

ज्ञानोबा संध्याकाळी घरी आला होता. चाऱ्याची गंजी हलवतो म्हणाला, भीमा येत असला तर जागा त्यालाच. त्याची मोटारसायकल बंद पडली आहे आणि लातूरच्या मिस्त्रीला जमत नाही. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पण हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. परत ये असं मी म्हणणार नाही, ते म्हणायला माझं तोंड नाही. यायचं की नाही, आणि आलास तर माझ्या दारावरून जाताना मान वळवायची की नाही, ते तू ठरव.

शेवटी तुझ्या मायकडं गेलो. काल पाणी नव्हतं बरोबर, रिकाम्या हातानं गेलो. दारातच उभा राहून सगळं सांगितलं, वेशीत सांगितलं तसंच. ती डाळ निवडत होती. निवडून झाली तेव्हा सूप खाली ठेवलं.

"त्याला ठावं व्हतं रं," ती म्हणाली.

"काय?"

"समदं. तुज्या आप्पानं त्यालाबी सांगितलं व्हतं, हसत हसत. जावई पडला त्याच्या दुसऱ्याच दिशी. मी म्हनलं, जा अन् सांग चार मानसांत, तुजं नाव खराब व्हतंय. तर म्हनला, माय, मी न्हाई सांगनार. सिद्धराम सांगंल. त्यापायी थांबला व्हता गावात. न्हाईतर नांदेडचं काम त्याला कवाच आलं व्हतं."

मी तिथंच उंबऱ्याशी खाली बसलो. तिनं मला ऊठ म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

भीमा, एक गोष्ट मी आजवर कुठल्याच पत्रात लिहिली नाही. तू निघालास त्या सकाळी मी स्टँडवर आलो होतो. लातूरची गाडी लागली होती, तिथून तुला नांदेडची धरायची होती. तू खिडकीपाशी बसला होतास, मांडीवर हत्यारांची पिशवी. मी खाली उभा राहून पाऊसपाण्याचं काहीतरी बोलत होतो. ड्रायव्हर वर चढला तशी तू काच सरकवलीस आणि मला विचारलंस, "सिद्धराम, काई बोलायचं हाय का?"

मला वाटलं होतं, तू सहज विचारतोयस.

मी म्हणालो, "पोचल्यावर पत्र टाक."

सिद्धराम